राखाडी पिशवीचं वजन

तागडीकाकूंनी आयुष्यात बास्केटबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती, आणि तरी कॉलेजच्या त्या नामांकित टीमबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं मत नव्हे हं. हे खुद्द कोचबाईंचं मत. काकूंचं स्वतःबद्दलचं मत याहून बरंच चांगलं होतं.

काकू कॉलेजच्या धुलाईघरात कामाला होत्या. व्यायामशाळेच्या खाली, अकरा पायऱ्या उतरल्या की उजव्या हाताला ती खोली. दोन मशिनं, एक सिमेंटचा हौद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या नऊ दोऱ्या, आणि दाराशी छताला टांगलेला आकड्याचा वजनकाटा. धुवायच्या कपड्यांना काटा कशाला, असं नवख्याला वाटायचं. पण मोठ्या मशिनीत दहा किलोच्या वर एक मोजा जरी जास्त गेला, तरी ते बेटं थडाथडा उड्या मारत जागचं हलायचं. एकदा तर कपड्यांसकट दारापर्यंत आलं होतं. तेव्हापासून काकूंचा नेम झाला. आलेली पिशवी आधी काट्याला, आकडा वहीत, मगच मशिनीत. पोरींनी त्यांना तागडीकाकू म्हणायला सुरुवात केली ती यावरून. काकू आधी रागावल्या, आणि महिन्याभराने स्वतःच फोनवर ‘हां, तागडीकाकू बोलतेय’ म्हणायला लागल्या.

आता ही टीम. मुलींची. सलग सात वर्षं आंतरकॉलेज स्पर्धा जिंकलेली. एकदा नाही, दोनदा नाही, सात वेळा! पहिल्या दोन वर्षी लोकांनी कौतुक केलं, तिसऱ्या वर्षी सवय झाली, आणि पाचव्यापासून सगळ्यांना एकच प्रश्न पडायला लागला, की हे टिकणार किती? ज्याला त्याला यावर मत होतं. केस कापणारा म्हणायचा, उंच पोरी मिळतात तोवर चाललंय. गणिताचे प्राध्यापक म्हणायचे, प्रत्येक मालिका कधीतरी तुटते, हा साधा नियम आहे. काकूंचे यजमान, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले, आरामखुर्चीत पाय पसरून म्हणायचे, “वर गेलेली लिफ्ट खाली येतेच. फक्त कुठल्या मजल्यावरून सुटते ते बघायचं.”

काकू यातल्या कुणालाच उत्तर द्यायच्या नाहीत. नुसत्या हसायच्या. कारण त्यांना गुपित माहीत होतं.

गुपित असं. टीममध्ये पोरी बारा. सहा जणी मॅचमध्ये खेळणाऱ्या, त्यांचे सरावाचे कपडे काळे. उरलेल्या सहा जणींचे राखाडी. या राखाडी पोरी मॅचमध्ये बहुतेक बाकावर बसायच्या, पण सरावात रोज, सकाळ-दुपार, काळ्यांशी भिडायच्या. संध्याकाळी दोन पिशव्या खाली यायच्या, एक काळी, एक राखाडी. काकू दोन्ही काट्याला लावायच्या. घामाने भिजलेले कपडे जड, हे काय कुणी सांगायला हवं? तर नऊ वर्षांपूर्वी कोचबाई हरवलेल्या मोज्यांवरून भांडायला खाली आल्या होत्या, आणि त्यांची नजर वहीवर पडली.

“काकू, हे दोन आकडे कसले?”

“काळ्यांचं वजन नि राखाड्यांचं. मशीन नाचू नये म्हणून.”

कोचबाईंनी पानं उलटली. पुन्हा उलटली. मोजे राहिले बाजूला. त्या साबणाच्या रिकाम्या खोक्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, “गेल्या वर्षी काळी पिशवी जड होती. यंदा दिवाणखान्यात बसल्यासारख्या बसणाऱ्या माझ्या राखाडी पोरींची पिशवी जड होत चाललीय. हे काय गौडबंगाल आहे?”

“गौडबंगाल कसलं? ज्या बाकावर बसतात त्या जास्त मेहनत करतायत. तुमच्या त्या काळ्यांना रोज घाम फोडतायत.”

दोन वर्षांत टीम पहिल्यांदा जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी राखाडी पिशवी काळीपेक्षा पाऊण किलो जड. कोचबाईंची खात्रीच पटली, की आपली टीम टिकते ती या सहा पोरींमुळे, ज्यांची नावं पेपरात कधी येत नाहीत. आणि प्रथाच पडून गेली. दर शनिवारी अकरा वाजता कोचबाई खाली यायच्या, खोक्यावर बसायच्या, काकू दोन कप चहा ओतायच्या. कोचबाई विचारायच्या, “काय म्हणतोय काटा?” एवढी मोठी बाई, जिच्यापुढे भलेभले पत्रकार चाचरतात, ती आपल्यासमोर साबणाच्या खोक्यावर बसते, याचं काकूंना किती अप्रूप होतं ते कुणाला सांगायला नको. यजमानांना मात्र त्या दर शनिवारी सांगायच्या.

काकू स्वतः वर व्यायामशाळेत कधी गेल्या नाहीत. सराव असतो तेव्हा चादरी-टॉवेल धुवायची वेळ, मॅच असते तेव्हा सुट्टी. आणि खरं सांगायचं तर, गरज काय होती? हातात काटा असताना डोळे कशाला लागतात?

आठव्या वर्षी सुरुवातीलाच नवे कपडे आले. काळे नेहमीच्या दुकानातून, राखाडी दुसऱ्याच कुठूनतरी. राखाडी कापड पातळ, सुळसुळीत, दोरीवर टाकलं की दोन तासांत वाळायचं. काकू खूश! पूर्वी राखाडी कपडे संध्याकाळपर्यंत दमट राहायचे, आता काकू चारला घरी. फक्त एक जोडी त्यात जुन्या जाड कापडाची होती, चौदा नंबरची. ती काही केल्या वाळायची नाही. काकू तिला रोज पिळताना पुटपुटायच्या, “ही चौदा नंबर कोण बया आहे कोण जाणे! सगळ्यांनी नवं घेतलं, हिला जुनंच पाहिजे.”

आणि त्याच वर्षी टीम हरली. मुख्य स्पर्धेआधीची पहिली मॅच हरली तेव्हा लोक म्हणाले, होतं असं कधीतरी. दुसरी हरली तेव्हा केस कापणारा, गणिताचे प्राध्यापक आणि काकूंचे यजमान, तिघेही एकदम खुलले. आपलं भाकीत खरं ठरताना माणसाला काय गुदगुल्या होतात! पेपरात मथळा आला, ‘साम्राज्याला तडा?’

त्या शनिवारी कोचबाई अकराच्या आधीच खाली आल्या. चहाला हात लावला नाही.

“काकू, काटा काय म्हणतोय?”

काकूंना हे माहीत होतं. गेले दोन महिने त्यांना दिसत होतं, पण दर शनिवारी त्या ‘ठीक आहे’ म्हणत आल्या होत्या आणि मनात म्हणत होत्या, पक्कं होऊ दे, मग सांगू. त्यांनी वही पुढे केली. “काळी पिशवी साडेसात, नेहमीसारखी. राखाडी पावणेसात. गेल्या वर्षी सव्वाआठ होती, बाई. दीड किलो कमी.”

“दीड किलो?”

“तुमच्या राखाडी पोरी अंग चोरतायत.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण काकूंना तेव्हा तसं वाटलं नाही. त्यांना वाटलं, बघा, गावभर सगळे डोकं खाजवतायत आणि उत्तर कुणाकडे आहे? या तळघरात. त्यांची मान दोन बोटं वर झाली. कोचबाई उठल्या आणि पायऱ्या चढून गेल्या.

बुधवारी दुपारी धुलाईघराच्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. रुंद खांद्यांची, थोराड बांध्याची, हातात कपड्यांचा गठ्ठा. काकूंनी तिला ओळखलं नाही.

“काय पाहिजे गं?”

“कपडे परत करायचेत. चौदा नंबर.”

“हां! ती न वाळणारी जोडी तुझी होय!”

पोरगी हसली नाही. तिने गठ्ठा हौदाच्या काठावर ठेवला. “नव्या कपड्यांत खांदे बसेनात माझे. एक जोडी कशीबशी चढते, ती दुपारी घालायचे, आणि सकाळी ही जुनी.”

“परत का करतेयस? आजारी आहेस?”

“मला काढलंय.” तिचा आवाज इतका सरळ होता की काकूंना आधी नीट कळलंच नाही. “मी राखाडी टीमची म्होरकी होते. चार वर्षं आहे टीममध्ये. पोरी मला भिंत म्हणतात. कोचबाई म्हणाल्या, राखाड्यांनी कष्ट कमी केलेत, आणि म्होरकीने जबाबदारी घ्यायला हवी. माझ्या जागी पहिल्या वर्षाची एक घेतलीय. स्पर्धेची यादी शनिवारपर्यंत जायचीय. यंदा पहिल्यांदा माझं नाव असणार होतं खेळणाऱ्यांत. शेवटचं वर्ष ना माझं.” ती थांबली, आणि खरोखरच न समजल्यासारखं तिने विचारलं, “काकू, तुम्हाला माहितीय का त्यांना असं कुणी सांगितलं? मी विचार करकरून थकले. आम्ही रोज मरमर मरत होतो हो.”

काकूंनी मान हलवली. नाही म्हणून. खोटं होतं ते, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना त्याची लाज वाटली. पण तोवर पोरगी पायऱ्या चढून गेली होती.

काकूंनी गठ्ठा सोडला. सवयीने. सकाळचा जाड जोड अजून ओला होता, दुपारचा पातळ जोड कोरडा, वापरलाच नव्हता. दोन्ही दोन हातांत धरले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मग जाड जोड धुतला, पिळला, मशिनीच्या गरम पाठीवर पसरून वाळवला, अगदी कडकडीत, आणि पुन्हा दोन हातांत घेतला.

कोरडाच जड होता.

नऊ वर्षांत काकूंनी कोरडे कपडे काट्याला कधी लावलेच नव्हते! मळलेलं यायचं, तेवढंच मोजायचं. अहो, रस्त्यावरची भाजीवालीसुद्धा आधी टोपलीचं वजन वजा करते. आणि काकू, ज्यांना कॉलेजात तागडी म्हणतात, त्यांनी कापड बदललंय हे रोज हाताने पाहिलं, रोज लवकर वाळतं म्हणून आनंद केला, आणि वजन घामाच्या नावावर मांडलं.

पण नक्की किती फरक? छताच्या काट्यावर इतकं बारीक कळेना. तो पावकिलोच्या खाली उतरायचाच नाही. आता काकूंना चैन पडेना. दोन्ही जोड पिशवीत घालून त्यांनी घरी नेले आणि गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवले. यजमान डोकावले.

“आज जेवायला जर्सी आहे की काय?”

“गप्प बसा हो जरा. चारशे तीस. आणि हा... दोनशे नव्वद. एका जोडीमागे एकशे चाळीस ग्रॅम. सहा जणी, दोन वेळा, म्हणजे बारा जोड. त्यातला एक हिचा जुना. राहिले अकरा. अकरा चोक चव्वेचाळीस...” काकू पेन्सिल चावत बसल्या. “एक किलो पाचशे चाळीस.”

“आणि कमी किती भरत होतं?”

“दीड किलो.” काकूंनी वर पाहिलं. “म्हणजे पोरी तेवढाच घाम गाळत होत्या. उलट चाळीस ग्रॅम जास्तच.”

यजमान खुर्ची ओढून बसले. थट्टा विसरले. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं, आपण काय बोललो ते, पोरगी काय म्हणाली ते, आणि आपण नाही म्हणून मान हलवली तेही.

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,” यजमान म्हणाले. “आणि चोर तरी कोण, तर कापड! अगं मग सकाळी जाऊन सांग की बाईंना.”

“उद्या एकदा हे कापड घाम धरतं किती तेही बघते. पातळ कापड घाम तसाच उडवत असेल तर आकडा आणखी बदलेल. अर्धवट हिशेब घेऊन कशी जाऊ? आणि शनिवारी त्या येतातच. यादीची मुदत पण शनिवारचीच आहे.”

“तू वर का जात नाहीस?”

“वर मी कधी जात नाही.”

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. आपण चुकलो हे सांगायला अकरा पायऱ्या चढून जाणं, आणि आपल्या खोलीत, आपल्या चहावर, आकडे पुढे ठेवून ते सांगणं, यात फार फरक असतो. शिवाय काकूंना आता हे कोडं पुरतं सोडवायचं होतं. शुक्रवारभर त्यांनी मिठाच्या पाण्यात दोन्ही कापडं बुडवली, पिळली, घड्याळ लावून दोरीवर टाकली, दर अर्ध्या तासाला घरून आणलेल्या काट्यावर ठेवली. काय रंगल्या होत्या म्हणता! पातळ कापडातलं पाणी तासाभरात निम्मं उडायचं. म्हणजे राखाडी पोरींचा घाम मोजायच्या आधीच हवेत जात होता. त्या काळ्यांपेक्षा जास्त, गेल्या वर्षीपेक्षाही जास्त कष्ट करत होत्या. वहीचं एक अख्खं पान भरलं. इतका सुंदर हिशेब काकूंनी जन्मात केला नव्हता.

शनिवारी अकराला कोचबाई आल्या. काकूंनी चहा ओतला नाही. उभ्यानेच पान पुढे धरलं आणि भडाभडा सगळं सांगितलं. कोचबाई ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी काळा आणि राखाडी, दोन्ही कपडे बोटांत चुरगाळून पाहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

“यादी मी काल पाठवली, काकू. आज अर्ध्या दिवसाने ऑफिस बंद होतं म्हणून.”

“मुदत आजची होती ना?”

“मुदत आजची आहे म्हणून कुणी आजपर्यंत थांबतं का?”

काकू थांबल्या होत्या. कोचबाईंनी तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे सांगत होता, एकदा नोंद झाली की नाव बदलत नाही, कुणी जखमी असेल आणि डॉक्टरचा कागद असेल तरच.

“मग कुणाचा तरी पाय मुरगळू द्या!” काकू म्हणाल्या.

“काकू!”

“मी काय करू मग? सांगा ना, काय करू?” काकूंचा आवाज फुटला. “बुधवारी दुपारी मला कळलं होतं, बाई. अर्धं बुधवारीच कळलं होतं. मी हिशेब करत बसले.”

कोचबाई फोन ठेवून खोक्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही मला काटा सांगितलात. पोरीला काढलं मी. रोज दोनदा माझ्या डोळ्यांसमोर पडत-धडपडत होती ती, आणि मी तुमच्या वहीवर विश्वास ठेवला.” त्यांनी कपाळ चोळलं. “पण मग आपण का हरतोय? राखाड्या तशाच मेहनत करतायत, काळ्या तशाच. मग झालं काय?”

काकू आधीच स्वतःवर चिडलेल्या, त्यात हा प्रश्न. “मला काय विचारता? समोरच्या पोरी काय इतकी वर्षं गोट्या खेळत होत्या? त्यांनीही कष्ट केले असतील. त्यांच्या पिशव्या कुणी मोजल्यात?”

सात वर्षांत हा विचार दोघींपैकी एकीच्याही मनात आला नव्हता. आपण वर का आहोत, कशाने खाली येऊ, सगळं आपल्याच दोन पिशव्यांत शोधत होतो. बाकीच्या कॉलेजांतल्या पोरी गेली सात वर्षं आपल्याकडे बघून बघून शिकतायत, हे गृहीतच धरलं नव्हतं. कोचबाई हसल्या, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता.

“चला,” त्या उठल्या. “वसतिगृहात जाऊ. तुम्हीही या.”

भिंत आपल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती. दारात दोघींना पाहून उभी राहिली. कोचबाई काही बोलायच्या आत काकू पुढे झाल्या. “मी सांगितलं होतं त्यांना. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं, ते खोटं होतं. कापड बदललेलं माझ्या लक्षात आलं नाही आणि मी तुझ्या नावावर आळस मांडला. माझी चूक आहे, पोरी. आणि मी लगेच आले असते तर यादीत तुझं नाव राहिलं असतं. तीही माझीच चूक.”

पोरगी ऐकत होती. तिचे डोळे भरले आणि तिने ते मनगटाने पुसले. “चार वर्षांत मला कुणी ढोली म्हटलं, कुणी हळू म्हटलं. आळशी कुणी म्हटलं नव्हतं. आईला फोन करून काय सांगू, हेच कळत नव्हतं मला. तीन दिवस मी तिचा फोन उचललेला नाही.”

“आज सांग,” कोचबाई म्हणाल्या. “सांग की कोच चुकली. हवं तर मी बोलते.” मग जरा अडखळत त्या म्हणाल्या, “स्पर्धेला दोन आठवडे आहेत. मी तुला खेळवू शकत नाही. पण सरावाला... म्हणजे माझा काही हक्क नाही विचारायचा.”

“नाही आहे,” पोरगी म्हणाली.

दोघी खाली मान घालून जिना उतरून आल्या, आणि चहासाठी कुणीच थांबलं नाही.

पुढचं एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच जीव टांगणीला नको. त्या वर्षी टीम उपांत्य फेरीत हरली. चार गुणांनी. आठवं अजिंक्यपद काही आलं नाही. केस कापणाऱ्याने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण ते दोन आठवड्यांनंतरचं. आपल्याला बघायचाय तो सोमवार.

सोमवारी सकाळी काकूंनी टॉवेल मशिनीत टाकले, मशीन चालू केलं, आणि अकरा पायऱ्या चढून पहिल्यांदाच व्यायामशाळेकडे वळल्या. व्यायामशाळेचं दार ढकललं. एवढी मोठी जागा असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. बुटांचा चिरचिराट, चेंडूचे दणके, आणि पोरी ओरडतायत एकमेकींच्या नावाने. काकू दाराशेजारच्या बाकावर टेकल्या. त्यांना नियम माहीत नव्हते. पण कोण पडतंय, कोण उठतंय, ते कळत होतं.

राखाडी कपड्यांतल्या सहा जणींबरोबर एक सातवी होती, साध्या घरच्या शर्टात. टीमचे कपडे तिने परत केले होते ना. रुंद खांदे.

ती काळ्यांच्या कॅप्टनच्या, त्या पेपरात फोटो येणाऱ्या उंच पोरीच्या, अंगाला चिकटली होती. कॅप्टन डावीकडे वळली की ही डावीकडे. उडी मारली की हिची छाती मध्ये. धप्पकन दोघी आपटल्या. काकूंनी तोंडावर हात घेतला. दोघी उठल्या, पुन्हा लागल्या. शर्ट पाठीला चिकटला होता. काकूंना वाटलं, एवढे दिवस मी काय मोजत होते? हे माणूस असं दिसतं होय?

कोचबाई कडेला येऊन उभ्या राहिल्या. काकूंना पाहिलं, पण आश्चर्य दाखवलं नाही.

“सकाळी सहाला येऊन उभी होती,” त्या हळूच म्हणाल्या. “मी म्हटलं, का आलीस? तर म्हणते, चार वर्षं रोज यांच्याशी हरलेय, बाई. एकदा तरी हरवून जायचंय.”

“हरवलं नाही कधी?”

“एकवीस गुणांची शर्यत लावतो आम्ही रोज. राखाडी कधीच जिंकल्या नाहीत. आठ वर्षांत एकदाही नाही.”

“आत्ता किती झालेत?”

“वीस-वीस.”

काकू उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बास्केटबॉलसाठी श्वास रोखून धरला. चेंडू कॅप्टनच्या हातात आला, तिने टाकला, तो कड्याला लागून बाहेर उडाला. तीन जणी झेपावल्या आणि त्यांच्या मधून साधा शर्ट वर गेला. तिने चेंडू पकडला, पळाली. अगदी काही हरणासारखी नाही, आपली धपाधप पळाली, आणि कड्याखाली थांबून तिने तो वर टाकला. पडला!

राखाडी पोरींनी असा गिल्ला केला की छत दणाणलं. भिंत तिथेच, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून उभी होती. हसत होती की रडत होती, दुरून कळेना. काकू मात्र रडत होत्या, ते सगळ्यांना कळत होतं.

काळ्या पोरी कंबरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या. त्यांची कॅप्टन जमिनीवर बसली होती, चेहरा लालबुंद. ती उठली, ताडताड चालत भिंतीपुढे गेली. काकूंना वाटलं, आता मारते की काय.

“परत,” कॅप्टन म्हणाली. “आत्ताच्या आत्ता परत लाव.”

भिंतीने वर पाहिलं. दोन आठवड्यांनी ही कॅप्टन भरलेल्या मैदानात खेळणार होती, आणि ती स्वतः तिकीट काढून वरच्या बाकावर बसणार होती. हे दोघींनाही ठाऊक होतं.

“चल,” भिंत म्हणाली, आणि खाली वाकून बुटाची नाडी घट्ट करायला लागली. “पण यादीत नसलेलीकडून सकाळी-सकाळी किती वेळा हरायचंय, ते आधीच ठरव.”